दुपारी दोन ते चार, जबाबदार: शिरीष

मिलिंद,

काल तुझा तेरावा झाला आणि तू अजून गेलेला नाहीस. क्रेमाटोरियमचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, मंगळवारचा मिळालाय, सकाळी साडेदहा ते अकरा. म्हणजे आधी गोडाचं जेवण आणि मग अंत्यसंस्कार. पुण्याच्या गुरुजींना फोनवर हा क्रम सांगितला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "देशकाल बघून करा." कुणाच्याही घरून निघताना दारात चपला घालून पाऊण तास बोलत उभं राहायची तुझी खोड होती. ती अजून तशीच आहे.

मंगळवारी मला दहा मिनिटं बोलायचंय. मेधाताईंची तशी इच्छा आहे. "शिरीष, तुम्हीच बोला. रडकं नको. माय्योर्काचं सांगा, त्याला ते फार आवडायचं." मी 'हो' म्हणालो. दुःखात असलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण त्या बेटाचं नाव काढलं की गेली सहा वर्षं माझ्या कानशिलात काय होतं, ते तुला ठाऊक आहे. त्यांना नाही.

म्हणून आधी तुझ्याशी भांडून घेतो. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या जर्मन गृहस्थाला मी विचारलं की पेटीत तुझ्याबरोबर काय ठेवता येईल. म्हणाला, कागद चालेल, फुलं चालतील. धातू नको, प्लास्टिक नको. "स्टेपलची पिन?" त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "नको." तेव्हा हे कागद मी सुईदोऱ्याने शिवणार आहे. शिवण वाकडी येईल. सहन कर.

तुझ्या लक्षात आलं असेल, मी तुला 'तू' म्हणतोय. तू माझ्या बायकोच्या, अनघाच्या मोठ्या बहिणीचा, मेधाताईंचा नवरा, म्हणजे मानाने मोठा. वयाने माझ्याहून सात महिन्यांनी लहान. त्यावर आपण दोघांनी काढलेला तोडगा चोख होता. सासूबाईंसमोर 'अहो मिलिंदराव', 'अहो शिरीषराव'. बाहेर पार्किंगमध्ये आलो की 'अरे गाढवा'. अकरा वर्षं ती व्यवस्था उत्तम चालली. मग त्या बेटावरून परतताना मी ती मोडली. तुला शिवी दिली नाही, तुझ्याशी बोलणं टाकलं नाही. पार्किंगमध्येसुद्धा 'अहो' म्हणायला लागलो. माणसाला घराबाहेर काढायची ही आपली पद्धत किती सभ्य आहे! कोणाला पत्ताच लागत नाही. उलट अनघा एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं किती मानाने बोलता आता एकमेकांशी." पण ज्याला काढलं त्याला बरोबर कळतं. पहिल्यांदा मी "बसा तुम्ही" म्हणालो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, आणि बसलास.

तर, माय्योर्का. ती सहल ठरवली तू, विमान निवडलंस तू, आणि तक्ता केलास तूच. तुझे ते तक्ते! आपल्या धंद्यात गाडीचा साधा बिजागर बनवायचा तरी आधी तो कुठेकुठे मोडेल याचा तक्ता करतात. काय बिघडेल, किती गंभीर, कशामुळे, उपाय काय आणि जबाबदार कोण. सगळे इंजिनियर तो ऑफिसात करतात आणि संध्याकाळी विसरतात. तू तो सुट्टीचा केलास. दोन्ही बाजूंनी छापून, वर प्लास्टिक चढवून, प्रत्येकाच्या हातात एक. सासूबाईंनासुद्धा. त्यांनी तो दहा दिवस पंखा म्हणून वापरला.

खरं सांगतो, हसू यायचं, पण तुझं एकही भाकीत चुकलं नाही, आणि त्याचाच जास्त राग यायचा. 'स्पॅनिश शिकून जाऊ नये. बेकरीवाली जर्मनमध्येच उत्तर देते.' मी तीन महिने स्पॅनिश शिकलो होतो. बेकरीवालीने जर्मनमध्येच उत्तर दिलं, तेही माझ्यापेक्षा शुद्ध. 'दुपारी दोन ते पाच गाव मेल्यासारखं असतं. घाबरू नये, संध्याकाळी उठतं.' 'शाकाहारी म्हणून मागवलेल्या भातात डोळे असलेला प्राणी निघू शकतो. गांभीर्य आठ, आई बरोबर असतील तर दहा.' 'रात्री नऊच्या आत जेवण मिळणार नाही. उपाय: कुकर, तांदूळ, मूगडाळ. वाहून नेणे, जबाबदार: शिरीष.' विमानतळावर त्या कुकरची शिटी हातात धरून मी एका गणवेशातल्या बाईला ती कशी वाजते हे तोंडाने करून दाखवलं. मागे तू मेधाताईंच्या आड लपून हसत होतास.

आणि टॉवेल. 'पोहण्याच्या तलावाजवळच्या खुर्च्यांवर सकाळी सातला जर्मन लोक टॉवेल टाकून जागा धरतात. उपाय: पावणेसातला आपले टॉवेल. जबाबदार: शिरीष.' मी पावणेसातला गेलो. टॉवेल कमी पडले म्हणून एका खुर्चीवर सासूबाईंचा पंचा अंथरला. वारा आला, पंचा उडाला आणि तलावात पडला. एका धिप्पाड आजोबांनी तो काठीने बाहेर काढला, पिळला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "हे भांडी पुसायचं फडकं तुमचं का?" तू बाल्कनीतून ओरडलास, "गेनाऊ!" तुझं ते गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर'. कोणी बरोबर बोललं की गेनाऊ, माझी फजिती झाली की दुप्पट जोरात गेनाऊ. पंधरा वर्षं जर्मनीत राहून तुला एवढा एकच शब्द मनापासून आवडला.

पण आपलं पहिलं खरं भांडण पंच्यावरून नाही झालं. ते झालं नाश्त्यावरून.

पहिल्याच सकाळी तू बेकरीतून तो गोल, वेटोळ्याचा, वर पिठीसाखर भुरभुरलेला पाव आणलास. एन्साइमादा. सासूबाईंनी चहाबरोबर एक खाल्ला, मग दुसरा घेतला. "मिलिंदराव, अगदी आपल्या चिरोट्यासारखं लागतं हो. पदर किती सुटलेत!" मला शंका आली. मी खाली जाऊन बेकरीवालीला विचारलं की इतके पदर सुटतात कशाने. ती अभिमानाने म्हणाली, "डुकराच्या चरबीने. त्याशिवाय खरा होतच नाही." मी वर आलो. माझा चेहरा बघून सासूबाईंनीच विचारलं, "काय हो, काय घालतात?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी तू बोललास. "तूप, आई. इथल्या गाईचं."

पार्किंगमध्ये मी तुला धरलं. "धडधडीत खोटं बोललास!"

"मग काय करू? पोटातून काढू?"

"खरं सांगायचं."

"सांगून कोणाला काय मिळणार? तुला मिळेल. 'मी खरं बोललो' म्हणून दिवसभर छान वाटेल तुला. त्या मात्र पुण्याला पोचेपर्यंत पाण्यावर राहतील."

"त्यांचा हक्क आहे तो, जाणून घ्यायचा."

"अरे गाढवा, हक्क आहे की तुझी खाज आहे, ते आधी ठरव."

मी म्हटलं, हे असंच चालू ठेवलंस तर एक दिवस कोणीतरी मोठ्ठा फसेल. तू म्हणालास, "गेनाऊ." सासूबाईंनी पुढचे नऊ दिवस रोज एक खाल्ला. जाताना दोन डबे पुण्याला नेले आणि भजनी मंडळात वाटले. तो वाद अर्धवट राहिला, कारण नवव्या दिवशी दुसरा मोठा वाद आला.

तुझ्या तक्त्यातली ती ओळ मला पाठ आहे. 'समुद्र. हिरवा झेंडा: पोहा. पिवळा: सांभाळून, गुडघाभर. लाल: पाण्याकडे पाठ करून बसा. पाण्याजवळ मूल असेल तर एक मोठा माणूस पाळतीवर. अकरा ते एक: मिलिंद. दोन ते चार: शिरीष.'

नवव्या दिवशी दुपारी मेधाताई, अनघा आणि सासूबाई खोलीवर झोपल्या होत्या. किनाऱ्यावर आपण तिघंच: तू, मी आणि माझी अकरा वर्षांची सई. दोन वाजून गेले होते. मी वरण-भात जेवून छत्रीखाली आडवा झालो होतो, तोंडावर दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र. मी झोपलो. हे मी कधी नाकारलं नाही, लक्षात ठेव. जेवल्यावर मला कुठेही झोप लागते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लागते, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत लागली होती.

जीवरक्षकाच्या शिटीने जाग आली. उठलो तर समोर तू पाण्यातून येत होतास, खांद्यावर सई. ती खोकत होती, म्हणजे जिवंत होती. हे कळायला मला जितका वेळ लागला तितका वेळ माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशाला लागलेला नाही. तुझा चष्मा गेला होता. अंगात शर्ट, पायात बूट. तू तिला वाळूवर ठेवलंस आणि मी काही विचारायच्या आत, धापा टाकत, म्हणालास, "तू झोपलास म्हणून पाळत मी घेतली होती. मीच तिला जा म्हटलं. झेंडा पिवळा होता."

मी वर बघितलं. झेंडा लाल होता. टोमॅटोसारखा लाल.

"पिवळा? डोळे फुटले का तुझे?"

"ती गेली तेव्हा पिवळा होता. नंतर बदलला."

"खोटं बोलतोस! लाल झेंड्यात पोरीला पाठवलंस!"

तो जीवरक्षक मुलगा सईला टॉवेलमध्ये गुंडाळून तिची छाती तपासत होता. आणि मी तुला ते वाक्य बोललो. इथे लिहिताना पेन अडतंय, पण तुझ्यासमोर लपवण्यात अर्थ नाही, तू ऐकलंयस. मी म्हणालो, "तुला मूल असतं तर कळलं असतं."

तू खाली बसलास. बूट काढलेस. मोजे काढलेस आणि ते पिळत राहिलास. पाणी संपलं तरी पिळत राहिलास.

परतीच्या विमानात मी पहिल्यांदा तुला म्हणालो, "खिडकीकडे बसा तुम्ही."

सहा वर्षं मी तुझ्यावर रागावलो आणि तो राग मला छान मानवला. वजन वाढलं, झोप चांगली लागायची. गणपतीला तू श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनहून आमच्याकडे न्युरेम्बर्गला मोदकांचा डबा घेऊन यायचास. मी "या, बसा, घ्या" करायचो. तीनदा तू विषय काढलास. "शिरीष, ते बेटावरचं..." आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "राहू द्या हो. झालं गेलं." त्या 'हो'वर तू परत फिरायचास. इथल्या मराठी मंडळात मात्र कोणी सुट्टीला निघालं की तुझा तक्ता त्यांच्या हातात. निम्म्या जर्मनीतले मराठी लोक तुझ्या कागदावर भरवसा ठेवून त्या बेटावर जाऊन आले. मी मनात म्हणायचो, विचारा त्याला झेंड्याचे रंग!

आणि आपलं शेवटचं बोलणं. दरवर्षी ईस्टर झाला की तुझा फोन: हिवाळ्याचे टायर काढलेस का? याही वर्षी आला. "काढतो हो," मी म्हणालो. तू म्हणालास, "काढ. ऊन आलंय." मी म्हणालो, "बरं, ठेवू?" एवढंच. सतरा वर्षांच्या सोबत्याला मी टायरवर निरोप दिला. ते टायर अजून तसेच आहेत, सांगून ठेवतो.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर मेधाताईंनी एक फाइल हातात दिली. पाठीवर तुझ्या अक्षरात 'सुट्ट्या'. "यातून काही सापडलं तर बघा, बोलायला." घरी येताना अनघा गाडी चालवत होती, सई मागे कानात गाणी घालून, आणि मी मांडीवर फाइल उघडली. माय्योर्का, आवृत्ती सात. त्या सहलीनंतरची, मी कधी न पाहिलेली. समुद्राची ओळ आता अर्धं पान झाली होती. 'बिघाड: मूल प्रवाहात ओढलं जाणं. गांभीर्य: दहा. कारण: झेंडा बघण्यात माझी चूक, मि.'

मला काय झालं सांगू? आनंद झाला. तू तिकडे फ्रीजमध्ये पडलायस आणि इकडे मला आनंद झाला. "अनघा, ऐक! कबूल केलंय. लेखी!" आणि मी मोठ्याने वाचायला लागलो. "'कारण: झेंडा बघण्यात माझी चूक. उपाय: पाळतीवरच्या माणसाला जेवणानंतर कॉफी द्यावी. त्याला छत्रीखाली आडवं होऊ देऊ नये. वाचायला वर्तमानपत्र देऊ नये...'"

तिथे माझी जीभ अडखळली. वर्तमानपत्र कशाला आलं यात? पाळतीवर तर तू होतास.

मागून आवाज आला, "दास श्टिम्ट निश्त, बाबा." हे खरं नाहीये. सईने कानातलं काढलं होतं.

"काय खरं नाही?"

ती नेहमीसारखी जर्मनमध्ये सुरू झाली, मग थांबली आणि मराठीत आली. आमच्या घरात असं फार गंभीर असलं तरच होतं. "काका तिथे नव्हताच. तो आइसक्रीम आणायला गेला होता. लांब, त्या टपरीवर."

"मग तुला पाण्यात जा कोण म्हणालं?"

"तू."

"मी झोपलो होतो!"

"मला माहीत नव्हतं ना. पेपर होता तोंडावर. मी विचारलं, बाबा, जाऊ? तू म्हणालास, हं."

अनघाने गाडी पुढच्या थांब्यावर घेतली आणि इंजिन बंद केलं. बाजूला एक ट्रकवाला बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलत होता.

"आणि झेंडा?" मी विचारलं.

"लाल." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला दिसत होता. बाकीची मुलं पण उड्या मारत होती, म्हणून. काकाला मी पाण्यातच सांगितलं सगळं. तो म्हणाला, आपण पिवळा म्हणू."

"मला का नाही सांगितलंस? सहा वर्षं!"

"तो म्हणाला नको. म्हणाला, बाबाला कळलं की तो झोपेत हो म्हणाला, तर तो परत कधी झोपणार नाही."

मग अनघा म्हणाली, "तू झोपेत 'हं' म्हणतोस. मी पण कितीतरी गोष्टी तशाच मंजूर करून घेतल्यात." आणि रडायला लागली.

बूट, मिलिंद! पाळतीवरचा माणूस पायात बूट आणि अंगात शर्ट घालून पाण्यात कशाला उतरेल? टपरीपासून धावत आलेला माणूसच तसा उतरतो. आपल्या धंद्यात साधा स्क्रू तुटला तरी पाच वेळा 'का' विचारतात. मी पंचवीस वर्षं तेच करून पगार घेतो. माझी पोर बुडता बुडता वाचली आणि मी एकदासुद्धा 'का' विचारलं नाही, कारण उत्तर तू आयतं हातात दिलंस आणि ते मला फार सोयीचं होतं.

आता मी तुझ्यावर रागावलोय ते निराळंच, आणि हा राग जुन्यापेक्षा वाईट आहे. कोणी सांगितलं होतं तुला? वाईच्या घाटावर कृष्णेत पोहायला शिकलास म्हणून सगळ्यांनाच खांद्यावर घेऊन काठाला आणायचा मक्ता मिळाला का तुला? सासूबाईंना तूप दिलंस, सईला पिवळा झेंडा दिलास आणि मला राग धरायला एक माणूस दिलास, स्वतःचाच. मी ते वाक्य बोललो तेव्हा तुझ्याकडे दोन शब्दांचं उत्तर होतं. 'हं म्हणालास.' संपलं असतं. मी तिथेच मेलो असतो आणि तू जिंकला असतास. तू मोजे पिळत बसलास. याला उपकार म्हणतात की सूड, मला ठरवता येत नाही. आणि ठरवायला तू पार्किंगमध्ये उभा नाहीस.

आभार मानायचे तर ते कसे मानतात? इथे पावाचे सुटे हातावर ठेवणाऱ्यालाही दिवसातून वीस वेळा 'डांके' म्हणतो मी. घरच्या माणसाला आपल्यात कोणी म्हणत नाही. म्हटलं तर तो विचारतो, बरं आहे ना तुझं? तेव्हा म्हणत नाही. फक्त हे सांगतो की सई सतरा वर्षांची झाली, माझ्यापेक्षा उंच आहे, मला उलट उत्तरं देते, आणि काल ती सलग तीन मिनिटं मराठी बोलली.

मंगळवारी काय बोलायचं ते ठरवलंय. मी झोपलो होतो, हे सांगणार. दोन ते चार माझी वेळ होती, झोपेत 'हं' मी म्हणालो, आणि मिलिंदने सहा वर्षं ते स्वतःच्या नावावर ठेवलं. हे खरं सांगितल्याशिवाय मी राहणार नाही, तू कितीही 'खाज' म्हण. तुझ्या तक्त्यातही दुरुस्ती केली आहे. आवृत्ती आठ, कारणाच्या रकान्यात तुझं नाव खोडून माझं. तुझी ती सातवी प्लास्टिकमध्ये आहे म्हणून पेटीत चालत नाही. ती माझ्याकडे राहील.

सईने विचारलं, "आणि झेंड्याचं काय सांगणार?" ती नखं खात होती, अकराव्या वर्षी खायची तशी. आजी, मावशी, मंडळातले सगळे समोर बसलेले असणार. मी म्हटलं, "झेंडा पिवळा होता. नंतर बदलला."

आणि ते वाक्य. मेधाताईंना ते माहीत नाही, हे काल त्यांनी ज्या मायेने मला वाढलं त्यावरून कळलं. तू घरी जाऊन सांगितलं नाहीस. त्यांच्या पायाशी बसून क्षमा मागावी असं फार वाटलं. मग वाटलं, मागून कोणाला काय मिळणार? मला मिळेल. त्या मात्र उरलेलं आयुष्य ते ऐकत राहतील. म्हणून ते फक्त या कागदावर आहे, आणि हा कागद तुझ्याबरोबर जाणार आहे. सईने त्या दिवशी टॉवेलमधून ते ऐकलं होतं का, हे विचारायची माझ्यात हिंमत नाही. माफी मागतो. तुझ्या एकट्याची.

वाद अर्धवट ठेवून गेलास, तेव्हा निकाल मलाच द्यावा लागतोय. फार फुगू नकोस. एक गोष्ट मी खरी सांगणार आहे.

आत्ता हे लिहीत असताना सासूबाईंचा फोन आला. तुझ्यासाठी पुण्याहून आल्यात, श्टुटगार्टला मेधाताईंकडेच आहेत, तुला माहीत असेलच. आवाज बसलाय. म्हणाल्या, "शिरीषराव, मंगळवारी तिथून आल्यावर लोकांना चहा द्यायचाय. त्याबरोबर ते बेटावरचं मिळेल का हो कुठे? चिरोट्यासारखं. मिलिंदराव रोज सकाळी माझ्यासाठी चालत जाऊन आणायचे."

मी म्हटलं, शहरात एक स्पॅनिश बेकरी आहे, सांगून ठेवतो.

"पण अशा दिवशी चालेल ना ते? त्यात तूपच असतं ना हो?"

"तूपच, आई," मी म्हणालो. "तिथल्या गाईचं."

आणि फोन कानाला तसाच धरून, सवयीने, मी मागून येणाऱ्या गेनाऊची वाट बघत थांबलो.